शिक्षा पूर्ण करून आलेल्या सुताराला कामावर घेताना

प्रश्न : रंधा_सातारा

नमस्कार. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. शाळांची बाके, कार्यालयांची टेबले आणि अलीकडे प्रामुख्याने घरांतील मॉड्युलर स्वयंपाकघरे अशी कामे आम्ही करतो. चांगला सुतार मिळणे किती अवघड झाले आहे हे या धंद्यातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. बाहेरच्या राज्यांतून येणारे कारागीर पुण्या-मुंबईतच थांबतात आणि इथल्या सुतारांच्या मुलांना रंधा हातात धरायचा नाही.

नुकताच एक माणूस काम मागायला आला. वय चाळिशीच्या आतले. कागदपत्रांचा विषय निघण्याआधीच त्याने स्वतःहून सांगितले की, बांधाच्या वादात त्याच्या हातून भाऊबंदांपैकी एकाचा मृत्यू झाला, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ भाग २ खाली त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि ती भोगून तो येरवड्याहून सुटला आहे. सुतारकाम तो तिथेच शिकला. मी त्याला एक चौकट जोडायला दिली. त्याने केलेला सांधा आमच्या जुन्या मिस्त्रींनी उलटसुलट करून पाहिला आणि एक शब्दही न बोलता खाली ठेवला, जी त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी पावती असते.

वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की, कारखाना आपला असला तरी काम लोकांच्या घरात जाऊन करायचे असते आणि उद्या काही झाले तर कोणी त्याला विचारणार नाही, आपल्याला विचारतील. मला त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही, म्हणून हा धागा काढला. अशा माणसाला खाजगी कारखान्यात ठेवण्यास कायद्याची काही आडकाठी आहे का? ग्राहकाच्या घरी बसवणीच्या कामाला त्याला पाठवावे का? आणि बाकीच्या कामगारांना हे सांगणे माझे कर्तव्य आहे की न सांगणे? माणुसकी म्हणून काय करावे हे मला समजते. व्यवहारात ते कसे निभवावे एवढेच विचारतो आहे.

उत्तर : वकिली_कराड

प्रथम कायद्याचे पाहू, कारण तो भाग समजतो त्यापेक्षा सोपा आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खाजगी नोकरीत घेऊ नये असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. मनाई आहे ती ठरावीक ठिकाणी. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्यानुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून नेमता येत नाही, त्यामुळे सुटून आलेल्या माणसाला ‘कुठेतरी वॉचमन म्हणून चिकटवून द्या’ असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो संस्थेमार्फतच्या नोकरीपुरता बेकायदा ठरतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला बँकेत नोकरी देण्यास बँकिंग नियमन कायद्याची मनाई आहे. सरकारी नोकरीचा प्रश्न आणखी वेगळा असून तेथे चारित्र्य पडताळणीच्या अर्जात खरी माहिती दिली होती की दडवली होती, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी सविस्तर निकष घालून दिले आहेत. तुमच्या कारखान्याला यांतले काहीही लागू नाही.

कलमाविषयीही थोडे सांगतो, कारण कलमाचा आकडा ऐकूनच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो. ३०४ भाग २ म्हणजे खून नव्हे. मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव होती, परंतु ठार मारण्याचा हेतू नव्हता, असा न्यायालयाचा निष्कर्ष निघाला की हा भाग लागतो आणि त्याची कमाल शिक्षा १० वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम १०५ मध्ये आली आहे. तुमच्या उमेदवाराच्या बाबतीत नेमके काय घडले हे सांगोवांगी ऐकू नका, निकालपत्र वाचा. सत्र न्यायालयाचा निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतो, आणि त्याच्याकडे स्वतःची प्रत असण्याचीही शक्यता आहे. हल्ला अचानक झाला की ठरवून, हत्यार घरून आणले होते की हाताशी पडले होते, आधीचे काही गुन्हे होते का, हे सारे त्यात असते. कोणत्याही दाखल्यापेक्षा मालकाला त्याचा अधिक उपयोग होतो.

दुसरी एक गोष्ट अवश्य विचारा. तो शिक्षा पूर्ण करून सुटला आहे, की अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती मिळून जामिनावर बाहेर आहे? पुष्कळ जण दोन्हींना ‘सुटलो’ असेच म्हणतात. दुसऱ्या प्रकारात अपील फेटाळले गेले तर त्याला उरलेली शिक्षा भोगायला परत जावे लागेल, आणि तुमचे निम्मे झालेले काम तसेच राहील. सातारा जिल्ह्याची उच्च न्यायालयातील प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे चालतात, त्यामुळे चौकशी करणेही आता जवळ आले आहे. जामिनावर असेल तरी काम देण्यास हरकत नाही, फक्त ते माहीत असून द्यावे.

वडिलांच्या भीतीला कायद्यात आधार आहे, पण त्यांना वाटतो तसा नाही. काम करीत असताना नोकराने केलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकावर येऊ शकते, आणि ही गोष्ट तुमच्या प्रत्येक कामगाराबाबत आजही तितकीच खरी आहे. ज्यांची पूर्वपीठिका तुम्ही कधीच विचारली नाही त्यांच्या बाबतीत तर अधिकच.

उत्तर : चक्की_बंदोबस्त

मी कारागृह विभागातून निवृत्त झालो असून नोकरीचा बराच काळ कारखाना विभागात गेला. म्हणून तुमच्या प्रश्नाचा एक असा भाग मांडतो, जो वकीलसाहेबांच्या उत्तरात येणे शक्य नव्हते.

जेलमध्ये शिकलेला सुतार नेमके काय शिकलेला असतो, हे तुम्ही समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रातील मध्यवर्ती कारागृहांचे कारखाने मुख्यतः सरकारी मागणीवर चालतात. न्यायालये, सरकारी कार्यालये आणि शाळा यांची टेबले, खुर्च्या, बाके, कपाटे हे तिथले नेहमीचे काम. त्यामुळे भरीव लाकूड, पक्का सांधा आणि मापाची शिस्त यांत तो माणूस तयार होतो. घाई नसल्यामुळे हातात सफाई येते, आणि तुमच्या मिस्त्रींनी तीच पाहिली असणार. पण प्लायवूडवर लॅमिनेट चढवणे, कडांना पट्टी लावण्याचे यंत्र, सॉफ्ट-क्लोज बिजागरी, ग्राहकाच्या वाकड्या भिंतीला कपाट बसवणे, यांतले फारसे काही त्याच्या हाताखालून गेलेले नसते. याचा अर्थ तो कच्चा आहे असा नव्हे. त्याला नव्या साहित्याची ओळख करून द्यावी लागेल आणि तेवढा वेळ पगारात धरावा लागेल. मी पाहिलेल्या अनेक प्रकरणांत मालकाने त्याला ‘जेलमध्ये शिकलेला कारागीर’ म्हणून घेतले, पहिल्याच आठवड्यात मॉड्युलरचे काम दिले, ते बिघडले, आणि दोष कामाला न लागता माणसाच्या भूतकाळाला लागला.

आत कोणाला कोणते काम मिळते यातही एक गोम आहे. सक्तमजुरीच्या पक्क्या कैद्याला काम करावेच लागते, परंतु ते तो निवडतोच असे नाही. कारखान्यात जागा मोजक्या, मागणारे पुष्कळ. त्यातून कामवाटपात जातीचा विचार करण्याच्या जुन्या चाली देशातील अनेक कारागृहांच्या नियमावल्यांत राहिल्या होत्या, त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाला घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. म्हणून उद्या तुमच्याकडे दुसरा कोणी आला आणि आत आपण फक्त झाडलोट केली असे म्हणाला, तर त्यावरून त्याच्या कुवतीचा अंदाज बांधू नका.

त्याला विचारावे असे आणखी एक. शिक्षेच्या काळात तो खुल्या कारागृहात होता का, आणि संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) सोडले असता वेळेवर परत हजर झाला का? हातात तिकिटाचे पैसे असताना आणि घरी म्हातारी आई रडत असताना जो माणूस ठरल्या दिवशी जेलच्या दारात स्वतः येऊन उभा राहतो, त्याच्याविषयी मला त्या एका नोंदीतून जे कळते ते वर्तणुकीच्या दाखल्याच्या पानभर मजकुरातून कळत नाही. पैठणच्या किंवा येरवड्याच्या खुल्या कारागृहातला बंदी तर फारशा पहाऱ्याविना दिवसभर बाहेर राबत असतो. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर १९३९ मध्ये औंध संस्थानाने वसवले तेव्हा तिथे कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा दिली होती, आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी उचलून धरली होती. औंध तुमच्याच जिल्ह्यातले, तेव्हा वडिलांना हे उदाहरण परके वाटू नये.

बाहेरचे जगही हळूहळू कैद्याच्या मजुरीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. तीत कैद्याच्या मजुरीच्या भरवशावर ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ७ टक्के व्याजाने, तारण वा जामीनदार न मागता देण्याचे ठरले. तिहारमध्ये २०११ पासून कंपन्या येऊन मुलाखती घेऊ लागल्या. हैदराबादला कारागृह विभागाच्या पेट्रोल पंपांवर सुटून आलेली माणसेही काम करतात, आणि तिथे तर दिवसभर रोख पैसा हाताळावा लागतो.

सुरुवातीला एक सवय तुम्हाला त्रासदायक वाटेल, ती आधीच सांगून ठेवतो. तो सांगितल्याशिवाय काही करणार नाही. एक काम संपले की दुसरे सांगेपर्यंत उभा राहील, पाणी प्यायला जायचीही परवानगी मागेल. याला आळस समजू नका. वर्षानुवर्षे घंटेवर उठलेल्या-बसलेल्या माणसाला स्वतःहून हलायला वेळ लागतो.

उत्तर : सायझिंगवाला_इचलकरंजी

सर्वांचा मान राखून वेगळे मत देतो. मी घेतला नसता. भीती त्या माणसाची नाही, त्याच्यामागून येणाऱ्या ससेमिऱ्याची आहे. आमच्या भागात एका कारखानदाराने असा एक जण ठेवला होता आणि माणूस सरळ होता. पण परिसरात कुठे चोरी-मारामारी झाली की पहिली चौकशी त्याचीच व्हायची. पोलीस कारखान्याच्या दारात आले की पाळीतील सगळ्यांचे हात थांबतात, व्यापारी लांबून पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात निराळीच कथा पसरलेली असते. शेवटी त्या माणसानेच मालकाची अडचण ओळखून काम सोडले. मोठ्या कंपनीला हे परवडते, कारण तिच्याकडे माणसे सांभाळायला वेगळा विभाग असतो. पाच-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात मालकच हिशेबनीस, मालकच मुकादम आणि मालकच वकील.

उत्तर : पुनर्वसन_मंच

मी सुटून आलेल्या बंद्यांसोबत काम करणारी समाजकार्यकर्ती आहे. सायझिंगवाले दादांनी सांगितलेली अडचण खरी आहे आणि आमच्या कामातही ती सतत आडवी येते. तिच्यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे मालकाने पहिल्या आठवड्यातच ठाण्यात जाऊन, हा माणूस आमच्याकडे अमुक वेळेत कामाला असतो आणि त्याची हजेरी आमच्याकडे लिहिलेली असते, असे लेखी कळवणे. यामुळे चौकशी थांबत नाही, पण ती हजेरीपुस्तक पाहून मिटू शकते, आणि दारात गाडी उभी राहण्याऐवजी फोन येतो. अर्थात हे त्या माणसाला विचारून करावे.

संशयाची ही सवय किती खोल आहे हे फासेपारधी समाजात काम करताना रोज दिसते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, तरीही कोणताही गुन्हा सिद्ध न झालेल्या पारधी तरुणाला आजही दुकानात कामाला ठेवताना लोक कचरतात. म्हणजे भीती दर वेळी निकालपत्राला बांधलेली असतेच असे नाही. कच्च्या कैद्यांचेही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला निकाली निघायचा होता. यांतले जे निर्दोष सुटतात, त्यांनाही गाव ‘जेलात जाऊन आलेला’ असेच म्हणते आणि नोकरीच्या बाजारात त्यांची गत पक्क्या कैद्याहून फारशी निराळी नसते.

आता तुमच्या कारखान्यापुरते. आमच्या अनुभवात नोकरी टिकते की सुटते हे कामाच्या कौशल्यावर फार क्वचित ठरते. सुटून आलेल्या माणसाचे आधार कार्ड जुन्या पत्त्याचे असते, बँकेचे खाते व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेले असते, शिधापत्रिकेतून नाव कमी झालेले असते आणि भाड्याने खोली देताना घरमालक पहिला प्रश्न ‘आधी कुठे राहत होता’ हाच विचारतो. महिनाअखेरीस मिळणाऱ्या पगारापर्यंत त्याने खायचे काय, याचा विचार मालक करत नाही, आणि मग तो सावकाराकडे किंवा जुन्या ओळखीच्या माणसाकडे जातो. म्हणून पहिले दोन महिने तरी मजुरी आठवड्याला द्या, मोठी उचल देऊ नका आणि खाते उघडण्यासाठी नोकरीचे पत्र द्या. राहण्याची सोय कारखान्यातच करण्याचा मोह होईल, तो टाळा, कारण रात्री काही हरवले तर संशयाला दुसरी दिशाच उरत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत याच प्रश्नावर काम करतो आहे. साताऱ्यात तुम्हाला जवळ पडेल ते जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांचे कार्यालय, जे महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येते. मुक्त बंद्यांच्या मदतीविषयीची चौकशी तिथे करता येईल.

इतर कामगारांना सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की, ज्याच्या हाताखाली तो काम करणार आहे त्या एका व्यक्तीला, म्हणजे तुमच्या मिस्त्रींना, त्याच्या संमतीने सांगावे. बाकीच्यांना सांगायचे की नाही आणि केव्हा सांगायचे, हे त्याच्यावर सोडावे. सातारा काही फार मोठे गाव नाही, त्यामुळे आज ना उद्या ते कळेलच. पण मालकाने कामगारांची सभा घेऊन जाहीर करणे आणि डबा खाताना त्याने स्वतः सांगणे यांत पुष्कळ अंतर आहे.

उत्तर : माणदेशी_सून

इथे सर्वांनी त्या माणसाच्या बाजूने आणि मालकाच्या बाजूने लिहिले आहे. तिसरी एक बाजू आहे, ती माझी आहे म्हणून लिहिते. माझे मोठे दीर अशाच एका वादात गेले. ज्याच्या हातून गेले तो शिक्षा भोगून आता बाहेर आहे आणि कुठेतरी काम करतो असे ऐकते.

त्याला काम मिळू नये असे मला वाटत नाही. रिकामा राहिला असता तर तो गावातच राहिला असता आणि आम्हाला रोज दिसला असता. तो लांब कुठेतरी घाम गाळतो आहे ही माझ्या जाऊबाईंच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे, जरी त्या तसे कधी बोलून दाखवणार नाहीत. मला राग येतो तो अशा माणसाचा सत्कार होतो तेव्हा. एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यक्रमात त्याला शाल-श्रीफळ दिल्याचा फोटो कोणीतरी आमच्या पुतण्याच्या मोबाइलवर पाठवला होता. पोराने तो किती वेळ पाहिला असेल हे मला माहीत नाही. तेव्हा तुम्ही काम जरूर द्या, परंतु त्याची बातमी करू नका, कारखान्याच्या जाहिरातीत त्याचा उपयोग करू नका.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. बसवणीच्या कामाला पाठवताना ग्राहकाला काय वाटेल याचा विचार तुम्ही केला आहे. पण मृताचे नातेवाईक कोणत्या गावचे, त्यांचे पाहुणे-सोयरे कुठे आहेत, हे त्याला विचारले आहे का? बांधाचा वाद म्हणजे दोन्ही घरे एकाच शिवारातली. तुमची कामे जिल्हाभर असतील, तर एखाद्या दिवशी तो स्वयंपाकघर बसवायला ज्या घरी जाईल तिथे दार उघडणारी बाई त्या घराण्यातली लेक निघू शकते. हे टाळणे तुमच्या हातात आहे, तिच्या नाही.

कैद्याच्या मजुरीतून काही वाटा पीडित कुटुंबासाठी बाजूला काढावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच गुजरातच्या खटल्यात सांगितले होते, असे आमच्या वकिलांनी सांगितले. पीडितांना भरपाई देण्यासाठी राज्याची योजनाही २०१४ पासून आहे. आमच्या घरी त्यातले काही आले नाही, कारण अर्ज कुठे करायचा हेच आम्हाला कोणी वेळेवर सांगितले नाही. हा तुमचा विषय नव्हे, हे मला समजते. तरीही सुटून आलेल्याच्या पुनर्वसनाची चर्चा निघाली की आमच्याविषयी एक ओळ तरी असावी असे वाटते, म्हणून लिहिले.

उत्तर : लेस्टरकर

ताईंच्या लिखाणानंतर परदेशातले उदाहरण देणे थोडे अप्रस्तुत वाटते, तरी प्रश्नकर्त्याला उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहितो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या पुनर्वसन कायद्यानुसार शिक्षेनंतर ठरावीक काळ गुन्ह्याविना गेला की ती शिक्षा ‘संपलेली’ समजली जाते आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. पूर्वी चार वर्षांहून मोठ्या शिक्षेला ही सवलत नव्हती. ऑक्टोबर २०२३ पासून अतिगंभीर हिंसक, लैंगिक आणि दहशतवादी गुन्हे वगळता तशा शिक्षांनाही पुढील सात वर्षांनंतर ती मिळते. लहान मुले किंवा आजारी माणसे यांच्याशी संबंधित नोकरीत मात्र जुने सारे सांगावेच लागते, आणि ते योग्यच आहे. भारतात १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली सोडलेल्यांना आणि बालन्याय कायद्याखालील बहुतेक मुलांना अपात्रतेपासून संरक्षण आहे एवढे मी वाचले आहे, पण शिक्षा भोगून आलेल्या प्रौढासाठी अशी काळाची मर्यादा नाही. ती असायला हवी असे माझे मत आहे.

इथे बूटदुरुस्ती आणि किल्ल्या बनवण्याची दुकाने चालवणारी टिम्पसन नावाची कंपनी आहे. तिच्या सुमारे दहा कर्मचाऱ्यांमागे एक जण तुरुंगातून आलेला असतो. लोक आपल्या घराची किल्ली त्यांच्याकडून बनवून घेतात. कंपनीचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये तुरुंग खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या पद्धतीतील मला पटलेला भाग असा की, ते निवड अत्यंत काटेकोरपणे करतात, तुरुंगात जाऊन समोरासमोर बोलतात, आणि एकदा घेतला की त्याला इतरांसारखेच वागवतात, म्हणजे गल्ल्यावरही बसवतात. अर्धवट विश्वास टाकून माणूस ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा, असे मला त्यावरून वाटू लागले आहे.

पुन्हा : रंधा_सातारा

सर्वांचे आभार. निकालपत्राची प्रत त्याच्याकडेच होती आणि मी ती वाचली. भांडण शेतातच उसळले, फावडे हातात होते, आधीचा एकही गुन्हा नाही. अपील केलेले नाही, शिक्षा पूर्ण झाली आहे. अभिवचन रजेवरून दोन्ही वेळा वेळेवर परतल्याची नोंद त्याने दाखवली, आणि मी ती मुद्दाम मागितली याचे त्याला आश्चर्य वाटले. मृताच्या नातेवाइकांविषयी विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, मग त्याने तीन गावांची नावे सांगितली. त्या बाजूच्या कामांना त्याला पाठवायचे नाही हे मी वहीत लिहून ठेवले आहे. ताई, तो मुद्दा माझ्या मनात आलाच नसता.

पहिले सहा महिने त्याने कारखान्यातच काम करावे, बाके आणि टेबले यांच्या कामापासून सुरुवात करावी आणि मजुरी इतर सुतारांच्या दराने आठवड्याला घ्यावी, असे मी ठरवतो आहे. बसवणीचा विचार त्यानंतर. वडील अजून राजी नाहीत. गोदामाची किल्ली त्याच्याकडे जाणार नाही असे वचन त्यांनी माझ्याकडून घेतले आहे. लेस्टरकरांना हा अर्धवट विश्वास वाटेल, पण त्या घरात मलाही राहायचे आहे. वकीलसाहेब, नियुक्तिपत्रात शिक्षेचा उल्लेख करावा का?

उत्तर : वकिली_कराड

करू नये. नियुक्तिपत्र तो खोलीमालकाला आणि बँकेत दाखवणार आहे. त्याने शिक्षेची माहिती तुम्हाला नोकरीपूर्वी स्वतःहून दिली, अशा आशयाचे साधे निवेदन त्याच्या सहीने वेगळ्या कागदावर घ्या, निकालपत्राची प्रत त्याला जोडा आणि दोन्ही तुमच्या कपाटात ठेवा. उद्या तुमच्याशी वाद झाला तर माहिती दडवली असा आरोप त्याच्यावर येणार नाही, आणि चौकशी न करता माणूस ठेवला असा तुमच्यावर. सहा महिन्यांचा परीक्षाधीन काळ ठेवायचा असेल तर तो यापुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला ठेवा, केवळ त्याला नको. पुनर्वसन मंचच्या ताईंनी सांगितलेले ठाण्याला द्यायचे पत्र दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.